खाऱ्या हौदाचा तह

श्रीदर्यादेव समर्थ. खारे-गोडे सकळ पाणी ज्याचे, त्यास दंडवत करोन, जे घडले ते सांगतो. ऐकणाराने मन घट्ट करोन ऐकावे. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरी, घाटावरील राज्य आणि दर्याकाठील राज्य दोन्ही लढोन लढोन थकली, आणि खजिने आटले, मग तह जाहला. विश्वास तर एकमेकांवर तिळमात्र नव्हता. तेव्हा दर्याकाठच्या राजियाने आपले कुळदेवाचे कुंडातील अकरा मासे, तांबडे-पांढरे पट्ट्यांचे, घाटावर ठेव म्हणोन दिधले, आणि बदल्यात एक माणूस ओलीस मागितला. बोली ऐसी की, मासे नांदतील तोवर माणूस नांदेल. मासे मेले तर माणसाची गर्दन मारावी. हे ऐकताच घाटावरील महाराजांचे भाचे, जावई, समस्तांस एकाच दिवशी पोटशूळ उठला. मग कारभारी बोलिले, "जो माशांचे पाणी राखील त्याचाच पुत्र धाडावा, म्हणजे चाकरीत कसूर होणार नाही." वाहवा रे अक्कल! महाराजांचे पिण्याचे पाणी राखणारे गोमाजी आबदार. त्यांचा एकुलता पुत्र सटवाजी, हळदीच्या अंगाने घाट उतरोन गेला.

मग महाराजांचे शेजघरालगत काळ्या दगडाचा हौद बांधिला, एके अंगास भिंग बसविले, आणि पखालींतून दर्याचे पाणी आणोन भरिले. दर्याकाठचे वकील विसाजी शेणवी गोमाजीस चौकात भेटोन बोलिले, "आबदार, पाणी नवे आहे. आधी दोनच मासे सोडा, बाकीचे पिंपात राहोत. पाणी गढुळेल, दगडांस बुळबुळीत शेवाळ धरेल, त्यास हात लावू नका. माशांची घाण तेच खाते. धीर धरा, पाणी आपले आपण निवळेल." गोमाजींनी मान डोलाविली. परंतु महाराजांस धीर कोठला! आज्ञा जाहली की, सारे मासे आजच सोडावे, आणि सोडिले.

परक्या राज्याचे माणसास शेजघराकडे जाण्याचा रिवाज नाही, सबब दर पौर्णिमेस वकिलांनी दरबारी यावे, माशांची खुशाली पुसावी, पुत्राची सांगावी, आणि विडा घ्यावा, ऐसे ठरले. पहिले पौर्णिमेस वकिलांनी पुसिले, आणि गोमाजी हरखोन सांगो लागले, "थोरला मासा भिंगाशी येऊन माझे बोट हुंगतो, धाकटे दोन दगडाच्या बिळात भांडतात." वकील हसोन बोलिले, "तुमचे सटवाजीही बरे आहेत. म्हणतात, भात खाऊन पोट भरत नाही, बाजरीची भाकर द्या. होडीत बसले की ओकतात. आणि आईस निरोप आहे, माझे वासराचे नाव मी येईतो ठेवू नये." गोमाजींनी घरी येऊन हे अस्तुरीस, भागाईस, सांगितले, आणि ती माउली एकाच डोळियाने हसे आणि दुसऱ्याने रडे.

पुढे पाणी गढुळले. दगडांवर शेवाळ चढले, मासे वर येऊन तोंडे वासू लागले. महाराज भरल्या पंगतीत बोलिले, "गोमाजी, हा हौद की खरकट्याचे घंगाळ?" आणि मंडळी खो खो हसली. गोमाजींचे तोंडचे पाणी पळाले. वकिलांचा शब्द ध्यानी होता, नव्हता ऐसे नाही. परंतु बापजाद्यांपासोन घरात एकच विद्या, की गढूळ पाणी म्हणजे रोगाचे पाणी. आणि तोंड वासलेला मासा पाहिला की सटवाजीच दिसे. मग हात राहीनात. काथ्या घेऊन दगड खसखसा घासिले, शेवाळ खरवडोन काढिले, आणि वर तुरटीचा खडा फिरविला, जैसा जन्मभर महाराजांचे रांजणात फिरविला तैसाच. सकाळी पाणी ऐसे निवळले की तळाचा खडान्‌खडा मोजावा. महाराज संतोषले, शेला पांघरविला. आणि त्याच नितळ पाण्यात माशांचे रंग उडाले, आणि एकामागोन एक उताणे होऊ लागले. थोरला राहिला होता, त्यास गोमाजींनी ओंजळीत धरिले आणि बोलिले, "अरे बाबा, माझे ऐक, दम धर, तुझे पाया पडतो." तोही गेला. शेला अंगावरच होता.

कारभाऱ्यांनी ओठांवर बोट ठेविले. बोलिले, "हौदावर पडदा टाका. वकिलांनी पुसिले तर खुशाल आहेत म्हणा. पुत्र हवा ना?" गोमाजी बोलिले, "हवा." पौर्णिमा आली, दरबार भरला, वकील आले, आणि त्यांनी पुसिले, "मासे कैसे आहेत?" गोमाजी बोलिले, "खुशाल आहेत." इतकेच. थोरला काय करितो, धाकटे कोठे भांडतात, काहीच तोंडावाटे येईना. मेल्याच्या गोष्टी कोठोन आणाव्या? मग गोमाजींनी पुसिले, "आणि आमचे सटवाजी?" वकिलांनी तबकातील विडियाकडे पाहिले आणि बोलिले, "खुशाल आहेत."

गोमाजी उभे राहिले. भाकरीचे काही? वासराचे काही? वकील मान वर करीनात. तेव्हा गोमाजींचे काळजात लख्ख जाहले. ऐसे सुके 'खुशाल' कोठोन येते, हे त्या दरबारी त्यांच्याइतके कोणास ठाऊक? ओरडोन पुसावे तर माशांचे फुटते, तह मोडतो. आणि पुत्र कदाचित असेल तर तोही जातो. कदाचित! त्या एका कदाचितापायी त्यांनी दोहो हातांनी विडा पुढे केला, आणि वकिलांनी घेतला, आणि दोघांनीही एकमेकांस मुजरा केला. घरी भागाई उंबऱ्यात उभी. "काय म्हणाले वकील? काय म्हणतो माझा सटवा?" गोमाजी बोलिले, "म्हणतो, आता भात आवडो लागला." आणि पाणी प्यावयास आत गेले.

येणेप्रमाणे तह दोहींकडोन अक्षरशः पाळिला गेला, आणि दोन्ही राज्ये सुखे नांदली. गोमाजी मरेतो दर पौर्णिमेस पुसीत गेले, आणि उत्तर कधी बदलले नाही.