उत्तरेकडून एक, सावकाश

भिका आबांची मान डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत जायला वीस सेकंद घेते. मी घड्याळ लावून मोजलंय. नवागामच्या आमच्या बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ते उभे राहतात, मान फिरवतात आणि गल्लीत कोण शिरलं ते खड्या आवाजात जाहीर करतात. "उत्तरेकडून एक. जड. सावकाश. हातमा टरबूज!" टरबूजवाला माझा मेहुणा असतो. 'जड' या शब्दावरून त्याने आबांशी बोलणं सोडलंय.

आबा मूळचे धुळ्याकडचे, वय शहात्तर. समुद्राकडच्या लष्करी रडार ठाण्यावर त्यांनी बावीस वर्षं काढली. सैनिक नव्हते, मजूर होते. वीज गेली की रडारची वरची लोखंडी जाळी हाताने सावकाश फिरवायची, हे त्यांचं काम. पुढे ठाणं बंद झालं, यंत्रं ट्रकांत भरून गेली. आता तिथे सिमेंटचा चौथरा आणि बाभळी. आबा दर रविवारी दोन बस बदलून जातात आणि चौथरा झाडून येतात.

"आबा, ठाणं बंद झालं," मी म्हणतो.

"माले कोन्ही सांगेल नही."

यंदा तो चौथरा पाडून गोदाम बांधायचं ठरलं. आबा कोरा कागद घेऊन माझ्याकडे आले. "अर्ज लिख. पहिल्या ओळीत लिख, बावीस वरीसमा दुश्मननं एकबी विमान दिखनं नही."

"त्याने आपलीच बाजू लंगडी पडते, आबा."

"लिख."

लिहिलं. खरं ते खरं. कचेरीतले गुजराती साहेब पहिलीच ओळ वाचून हसले. "काका, त्यां तो कंई थयुं ज नथी!" तिथे काही घडलंच नाही म्हणे.

आबांनी टेबलावर अशी थाप मारली की बाहेरचा शिपाई आत आला. "काही व्हयनं नही, कारन आम्ही जागा व्हतूत! दिखनं ते सांगानं. नही दिखनं तरी सांगानं. दर घंटाले सांगूत आम्ही. तुम्हना हापिसमा कोन सांगस?"

साहेबांनी मुकाट्याने पोच दिली. महिन्याभराने माझ्या पत्त्यावर उत्तर आलं: नामंजूर.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी टपालवाल्याकडून ते घेऊन मी तसाच वर गेलो. आबांची बायको, जिजाबाई, उंबऱ्याशी बसल्या होत्या, एक हात दाराच्या चौकटीवर. साखरेच्या आजाराने त्यांची नजर जाऊन सहा वर्षं झाली.

"या भाऊ," मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या. "हातमा कागद शे ना? यास्नी गॅलरीमाईन माले सांगं."

मी थबकलो. ही ओरडून सांगायची खोड ठाण्यावरची, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. माझा हिशेब चुकला होता. मी या बिल्डिंगीत अकरा वर्षं आहे. पहिली पाच वर्षं आबा त्याच गॅलरीत नुसते विडी ओढत उभे असायचे.

आबांनी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं, मग पुन्हा एकदा वाचून घेतलं. चार घड्या करून खिशात घातलं.

"रविवारी जासू. चौथरा नही ते जमीन झाडसू."

मग जिजाबाईंनी विचारलं, "आते कोन शे?"

आबा गॅलरीत गेले. डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत. पूर्ण वीस सेकंद.

"कोन्ही नही."

जिजाबाईंनी चौकटीवरचा हात काढून घेतला, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.