न वाळणारी पट्टी

सुपाचं चित्र क्रमांक सतरा मंजूर झालं आणि वर्ध्याच्या कचेरीतल्या साहेबांनी त्यावर ‘हुबेहूब’ असा शेराही मारला. पण हे अजून व्हायचंच आहे, असं समजून आपण रोहणा गावी, आनंदाबाईंच्या ओसरीवर जाऊ. तिथे १९७८ सालच्या एप्रिलात चित्रकार मधुकरराव पोटावर झोपून एका सुपाचं जलरंगात चित्र काढत होते.

घरोघरच्या हातच्या वस्तू ‘जशा आहेत तशा’ रंगवून आणा, असा त्यांना सरकारी हुकूम होता. चार दिवसांत सुपाची पट्टी न् पट्टी कागदावर उतरली. बायका चित्रावर बोट फिरवायच्या आणि काहीच टोचलं नाही म्हणून एकमेकींकडे बघायच्या.

मग ते सूप विणणारा जंगलू आला. चित्रातल्या पट्ट्या बोटानं मोजू लागला.

“हे काय जी? पट्टी दोन पट्ट्यायवरून जाते. इथं तीनावरून गेली.”

“सुपात तशीच आहे.”

जंगलूनं सूप उचललं. तशीच होती.

“अकरा सालं पाखडून राह्यली मी,” आनंदाबाई म्हणाल्या, “मले नाई दिसली.”

“मले विणताना नाई दिसली! अन् ह्यायले दिसली!” जंगलूनं चित्राला हात जोडले. मग त्याचा चेहरा उतरला. “पण माही चूक सरकारच्या भिंतीवर काऊन टांगता? पुसा.”

“जसं आहे तसं, असा हुकूम आहे.”

सकाळी मधुकरराव पाहतात तो सुपातली चुकलेली पट्टी गायब, तिच्या जागी नवी.

“आता काढा,” जंगलू म्हणाला. “जसं हाये तसं.”

नवी पट्टी हिरवीगार होती. मधुकररावांनी ओल्या स्पंजानं कागद घासला, हिरवा रंग कालवला आणि दोन दिवस ती एकच पट्टी रंगवली. तोवर उन्हानं सुपातली पट्टी पिवळी पडली. चित्रातली हिरवीच.

“अबा! ह्यायचा बांबू वाळतच नाई!” एक बाई ओरडली.

सगळं गाव लोटलं. “मले असंच देजो रे जंगलू,” आनंदाबाई म्हणाल्या, “सदा हिरवं.”

जंगलू मात्र कळवळला. “चूक समजाले नजर लागे. हे ठिगळ त आंधळ्यालेबी दिसते! पिवळी करा न जी.”

“कागदाची साल निघालीय. आणखी घासलं तर भोक पडेल. आणि माझी पाचची एसटी आहे.”

“मंग साहेबाले अर्ज लिहा,” जंगलू म्हणाला.

मधुकररावांनी लिहिला, जंगलूनं अंगठा उमटवला आणि अर्ज चित्राला टाचून वर्ध्याला गेला:

‘सदर चित्रातील हिरवी पट्टी ओल्या बांबूची असून ती आतापावेतो वाळावयास हवी होती. तरी येत्या पावसाळ्यापूर्वी पिवळे पडण्याबाबत तिला सक्त ताकीद देण्यात यावी, ही नम्र विनंती.’