सत्तेचाळीस हजार अंश

"तू खुशाल जा, आत्या! कॉम्प्युटर मी सांभाळते!"

हे बोलली ती तोफ. घरात तिला सगळे तोफच म्हणायचे, आणि नववीत गेल्यापासून तर ती वाक्यागणिक धडाडत होती!

आत्या ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्या कंपनीत कामाला. तिच्या कॉम्प्युटरवर सकाळपासून एक चाचणी चालू होती. संध्याकाळी ती साहेबांना दाखवायची होती, आणि मध्येच बंद पडली तर सगळं पहिल्यापासून!

"पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दिसतं. नव्वदच्या वर गेलं तर फोन कर," असं बजावून आत्या दात दाखवायला गेली.

तोफ ऐटीत खुर्चीवर बसली. कोपऱ्यात पाहिलं. आणि ताडकन उठली!

४७०००.

"आजोबाऽऽ! कॉम्प्युटर सत्तेचाळीस हजार अंशांवर गेलाय!"

आजोबा धावत आले. "सूर्य किती असतो गं?"

"वरून साडेपाच हजार!"

"म्हणजे आपल्या टेबलावर आठ सूर्य?" आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "मग टेबल कसं पेटलं नाही?"

"अजून आतल्या आत तापतंय, आजोबा! बाहेर यायला वेळ लागतो!"

हे तिने इतक्या ठामपणे सांगितलं, की आजोबा दोन पावलं मागे सरकले. स्वतःच्याच ठामपणाने तोफही दचकली. तिने आत्याला फोन लावला. उचलला डॉक्टरांनी.

"त्यांचं तोंड उघडं आहे. निरोप सांगा."

"घरात स्फोट होणार आहे!"

"बरं. त्यांनी चूळ भरली की सांगतो."

"बंद करून टाकू का गं?" आजोबा कुजबुजले.

"नको! आत्याची चाचणी जाईल!"

"मग झाक तरी त्याला! फुटलंच तर तुकडे उडायला नकोत!"

दोघांनी कॉम्प्युटरच्या खोक्यावर ब्लँकेट टाकलं. आकडा ५८०००! उशा रचल्या. ७१०००! तोफेच्या कपाळावरून घाम ओघळला. सोफ्याची गादी ओढून आणली. ८९०००! आजोबांनी गादी दोन्ही हातांनी दाबून धरली, जणू आतून वाघच उडी मारणार होता!

फट्! पडदा काळा.

स्फोट झाला नाही. पण ती शांतता स्फोटाहून भयंकर होती. चाचणी गेली! आता आत्या आपल्याला कॉम्प्युटर सोडाच, कॅल्क्युलेटरलाही हात लावू देणार नाही!

दार उघडलं. अर्धा गाल सुजलेली आत्या आत आली आणि गादीला मिठी मारून उभ्या असलेल्या आपल्या वडिलांकडे बघतच राहिली.

"सत्तेचाळीस हजार अंश झाले होते गं!" तोफ हुंदके देत म्हणाली.

"अगं, साधे सत्तेचाळीस! कॉम्प्युटरच्या पोटात दशांशचिन्हाची कटकट नको, म्हणून तापमान अंशाच्या हजाराव्या भागात मोजायचं असं ठरलंय! महिनाभर भांडून मीच ठरवलंय!"

"मग मला नव्वद का म्हणालीस? नव्वद हजार म्हणायचं!"

आत्याने गादी ओढून बाजूला टाकली.

"पण नंतर तापलं होतं ना खरंच?" आजोबांनी चाचरत विचारलं.

"बाबा, तुमच्यावर सोफा घातला तर तुम्हीही तापाल! जीव वाचवायला बिचारं स्वतःहून बंद झालं!"

मग आत्याने साहेबांना फोन लावला. "सर, चाचणी उद्या दाखवते. आणि पडद्यावर आकडा साध्या अंशांत दाखवू या. शेजारी एकक लिहू या."

"कशाला? सगळ्यांना कळतं ते!" साहेबांचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"नाही कळत, सर," आत्या म्हणाली. "माझ्याकडे पुरावा आहे. नववीत शिकतो."

तेव्हापासून त्या ऑफिसात कुठलाही आकडा बाहेर पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारतात: "भाचीला कळेल का?"

आणि तोफ? आपण आत्याच्या कंपनीत सल्लागार आहोत, असं ती वर्गात सगळ्यांना सांगते. कशाबद्दल, एवढं मात्र कुणी विचारायचं नाही!