बारकूमामांच्या पोरी

सकाळचा चहा उकळत असताना बेल वाजली की समजायचं, बारकूमामा आले. दार उघडल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं, "तुमी बसा वयनी, मी तुमच्याकडं नाय आलोय." आणि मला ओलांडून स्वारी थेट गॅलरीत!

गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे आणि त्याच्या फांदीला तळहाताएवढं मधाचं पोळं. मामा येतात ते त्या माशांकडे. सासरी दिलेल्या लेकीकडे बाप येतो ना, अगदी तसे. खुर्चीच्या टोकावर बसून आधी पोरींची विचारपूस, मग माझी उलटतपासणी. "काल मिक्सर किती येळ लावलात? पोरी घाबरतात." "वासाचं तेल लावून हिकडं येव नका." एकदा आमच्या ह्यांनी गॅलरीत अगरबत्ती लावली, तर मामांनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. ह्यांना तो कळलाही नाही, ही गोष्ट वेगळी!

मामा कातकरी. रत्नागिरीच्या टोकाला जिथे आमची कॉलनी आहे, तिथे पूर्वी रान होतं. त्या रानातला मध बाजारात विकून मामांचं घर चालायचं. रान गेलं, इमारती आल्या, आणि मामा त्याच इमारतींवर रेतीची घमेली वाहायला लागले. मधाचं म्हणाल तर हे एवढं एकच पोळं उरलंय. "माशांनी पन फ्लॅट घेतलानी बघा!" असं म्हणून स्वतःच खो खो हसतात.

आणि एक दिवस सोसायटीच्या सेक्रेटरींच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर माशांच्या शिटेचे पिवळे ठिपके पडले. ते आमच्या बरोब्बर खाली राहतात. "माशा तुमच्या, शर्ट माझा!" असं म्हणत त्यांनी येत्या रविवारी फवारणीवाला बोलावला. मामांना हे मलाच सांगावं लागलं.

"औषद? पोरींवर?" मामा उठलेच. "नको बाय. मीच नेतो त्यांना."

त्यांनी विडीचा धूर दिला, कोयतीने अलगद फांदी कापली, आणि पोळ्यासकट ती हातात धरून लिफ्टमध्ये शिरले. मी मागोमाग. तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी आत आले. दार बंद झालं, आणि मग त्यांना माशा दिसल्या.

"हलू नका सायेब," मामा प्रेमाने म्हणाले. "वळखतात त्या तुमाला."

तळमजल्यापर्यंत सेक्रेटरींनी श्वास म्हणून घेतला नाही. मला हसू आवरेना, मेलं!

वर येऊन मी गॅलरीतून बघत राहिले. मामा फाटकाबाहेर उभे होते. उजवीकडे नव्या प्लॉटचं कंपाउंड, डावीकडे जेसीबीने सपाट केलेली लाल माती. ते थोडे इकडे गेले, थोडे तिकडे गेले, आणि उन्हात फांदीवर स्वतःचा टॉवेल धरून नुसते उभे राहिले.

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात मामा, हातात फांदी तशीच. ठरलेलं वाक्य आलंच नाही.

"झाड नाय गावला," ते म्हणाले. मग खाली बघत, "वयनी, आज मी तुमच्याकडंच आलोय."

मी दार सताड उघडलं. म्हटलं, "मग पोरींना दारात काय उभं करता मामा? आत या. सेक्रेटरींचे शर्ट मी धुवीन."