कृपया पिशवी आणावी

जो समाज आजच्या आनंदात उद्याची तरतूद करतो तोच टिकतो, याबद्दल दुमत नसावं. या बाबतीत कझाकस्तानातल्या शिमकेंत शहरातल्या आमच्या वस्तीचा हात धरणारं कुणी नाही. इथे मेजवानीला निघालेला माणूस एक वेळ आहेर विसरेल, पिशवी विसरणार नाही. ताटात उरलेलं घरच्यांसाठी न्यायचं, त्याला सारकीत म्हणतात, आणि ते शुभ असतं. (पूर्वी लोक आधी जेवत आणि मग उरत असे. सुधारणा होता होता मधला टप्पा गळला.)

झैनोल्लाला सत्तरावं लागलं होतं. पानगळ सुरू झाली की वस्तीत रोज कुठे ना कुठे मेजवानी. त्यामुळे कालचं आज खायचं आणि आजचं उद्यासाठी बांधायचं, या शिस्तीत त्याने कित्येक वर्षांत घोड्याच्या मांसाची कझी गरम अशी खाल्लीच नव्हती. यंदा मेजवानी त्याचीच होती. आज गरम घास खायचाच, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

ताट आलं. वाफा निघत होत्या. त्याने हात पुढे केला, तोच बायको कलामकस कुजबुजली, "अहो, आज कशाला? उद्या निवांत खाऊ की!"

"उद्या मी असेन का, कुणास ठाऊक."

"वाढदिवशी असं अभद्र बोलतात का! आणि ते बघा, व्याही उठले. उभे राहा आधी."

शुभेच्छा सुरू असताना सत्कारमूर्तीने घास तोंडात घालू नये, असा रिवाज आहे. व्याह्यांचा विषय होता 'आजचा क्षण जगा'. तो त्यांनी सांगोपांग मांडला. लोकांचे डोळे पाणावले. हात मात्र टेबलाखाली पिशव्यांची तोंडं उघडत होते. टाळ्या झाल्या (ज्यांचे हात मोकळे होते त्यांच्या). झैनोल्ला खाली बसला, तर ताट लख्ख! वडीलधाऱ्यांच्या ताटातलं विशेष शुभ, म्हणून ते आधी संपतं.

"माझी कझी?"

"मीच उचलली, नाहीतर तीही गेली असती," पर्सवर थोपटत कलामकस म्हणाली.

"मग उद्या गरम करून देशील?"

"उद्या कशी? उद्या भावजींकडे जेवायला जायचंय ना!"

झैनोल्लाला रडूच कोसळलं. हा आपल्या भाषणाचाच परिणाम, असं समजून व्याही सुखावले.

वाचकहो, तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. फक्त मघाशी आतून "पानं वाढलीत, गार होतंय!" अशी हाक आली, तेव्हा "एवढं वाचून आलोच" असं कोण म्हणालं, तेवढं सांगा.