उभ्या बाईचं नाणं

सांगलीच्या हेमंत खांबेट्यांकडे १८७४ सालचं दोन फ्रँकचं चांदीचं स्विस नाणं होतं, आणि त्या नाण्यावर ढाल-भाला घेऊन उभी असलेली बाई यंदाच्या लक्ष्मीपूजनाला खाली बसली.

बसली म्हणजे ऐसपैस बसली. चपला काढून बाजूला ठेवल्या, ढालीला पाठ टेकली, भाला मांडीवर आडवा घेतला आणि पाय पुढे लांब केले. भोवतीचे तारे होते तिथेच राहिले. त्यांना कोणी काही म्हणालं नव्हतं.

बाईला मात्र म्हणालं होतं. खांबेट्यांच्या पत्नी शैलाताई म्हणाल्या होत्या.

खांबेटे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीत त्यांनी खुर्ची कधी सोडली नाही, हे त्यांचे शत्रूही मान्य करत. निवृत्तीनंतर त्यांना स्विस चांदीच्या नाण्यांचा नाद लागला. स्वित्झर्लंडला ते कधी गेले नव्हते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोघांनी जायचं ठरलं होतं, शैलाताईंनी लोकरीचे मोजेसुद्धा विणून ठेवले होते. पण ऐन वेळी मुंबईचा एक व्यापारी नाण्यांचा संच घेऊन आला आणि सहलीचे पैसे तिकडे गेले. "बर्फ काय, वितळतो," खांबेट्यांनी बायकोला समजावलं, "चांदी घरात राहते." शैलाताईंनी मोजे कपाटात ठेवून दिले.

हे दोन फ्रँकचं नाणं त्याच्याही नंतर घेतलेलं. व्यापाऱ्याला वर काहीतरी द्यायला हवं होतं, म्हणून खांबेट्यांनी देवघरातला शैलाताईंच्या आईचा चांदीचा रुपया देऊन टाकला. त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही. रुपयाला कोणी प्रत देत नाही. त्यांच्या नाण्याला मिळणार होती.

प्रत म्हणजे काय, ते सांगायला हवं. जुनं नाणं प्रतवारी करणाऱ्या संस्थेकडे पाठवायचं, तिथले तज्ज्ञ भिंगाखाली ते किती झिजलंय ते बघतात, सत्तरपैकी गुण देतात आणि नाणं पारदर्शक डबीत कायमचं बंद करतात. मिरजेच्या डॉक्टर किणीकरांच्या नाण्याला अडुसष्ट मिळाले होते, आणि गेली तीन प्रदर्शनं ते खांबेट्यांना भेटले की आधी अडुसष्ट म्हणत आणि मग नमस्कार म्हणत. डिसेंबरच्या प्रदर्शनात किणीकरांचं तोंड बंद करायचं, एवढी एकच इच्छा खांबेट्यांना आयुष्यात उरली होती.

तर लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवायला चांदीचं नाणं हवं, आणि रुपया तर गेलेला. खांबेट्यांनी मोठ्या मनाने आपलं स्विस नाणं काढून दिलं. मात्र अटी घातल्या. हात लावायचा नाही, हळदकुंकू वाहायचं नाही, अक्षता टाकायच्या नाहीत, फूल लांबून दाखवायचं. एक डाग पडला की प्रत उतरते.

शैलाताईंनी लांबून नमस्कार केला. मग त्यांना आठवलं की त्यांची आई उभ्या लक्ष्मीची तसबीर घरात लावू देत नसे. उभी लक्ष्मी निघायच्या तयारीत असते, बसलेली टिकते. आणि तशीही दारात आलेल्या बाईला आपण काय म्हणतो?

"अशा उभ्या का? बसा ना," शैलाताई नाण्याला म्हणाल्या.

इतकी वर्षं त्या बाईला हे कोणी म्हणालंच नव्हतं. ती बसली.

खांबेट्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी नाणं तिरकं धरून पाहिलं, टेबलावर हळूच टकटक केली, जर्मनमध्ये 'उठा' कसं म्हणतात ते शोधून तीनदा म्हणून पाहिलं. शेवटी मोबाईलवर स्वित्झर्लंडचं राष्ट्रगीत लावलं. स्वतः खांबेटे सावधान उभे राहिले. बाई बसूनच होती. तिच्या काळी ते राष्ट्रगीत नव्हतं, असं त्यांना नंतर कळलं.

"तूच बसवलंस, तूच उठव," ते बायकोवर डाफरले.

"आलेल्या बाईला ऊठ कसं म्हणू?" शैलाताई ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. "आणि बसल्या तर तुमचं काय बिघडलं हो? त्यांचे पाय दुखत असतील."

"नाण्यावरच्या बाईचे पाय दुखत नाहीत!"

"तुम्हाला कसं कळणार," शैलाताई म्हणाल्या आणि गरम पोळी त्यांच्या ताटात वाढून परत ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

दिवाळी संपल्यावर खांबेटे नाणं घेऊन पुण्याच्या प्रतवारी संस्थेत गेले. मुख्य परीक्षक आठल्ये पांढरे सुती हातमोजे घालून बसले होते. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता विचारलं, "बाई बसलेल्या आहेत?"

"तात्पुरत्या," खांबेटे म्हणाले.

"बसलेल्या बाईची नाणी १८६३ ला बंद झाली. हे १८७४ चं आहे. चौऱ्याहत्तरची बसलेली बाई आमच्या सूचीत नाही."

खांबेट्यांचे डोळे चमकले. "म्हणजे दुर्मिळ?"

"म्हणजे बनावट," आठल्ये म्हणाले. "शिवाय झीज आम्ही गुडघ्यावर बघतो. ह्यांनी गुडघा लुगड्यात—माफ करा, झग्यात घेतलाय. गुण द्यायचे कशावर?"

"पण मी घेतलं तेव्हा त्या उभ्या होत्या!"

"पुष्कळ लोक असं म्हणतात. बसवलं कोणी?"

"बायकोने."

"मग त्यांना घेऊन या. बसवणाऱ्या व्यक्तीच्या उपस्थितीतच उठवता येतं."

पुढच्या आठवड्यात शैलाताई पुण्याला आल्या. संस्थेत अर्जदारासाठी एकच खुर्ची होती आणि तिच्यावर खांबेटे बसले, त्यामुळे शैलाताई टेबलाच्या कडेला उभ्या राहिल्या. आठल्यांनी त्यांना भिंग दिलं. बाई अजून तशीच होती, फक्त आता एका हातावर रेलली होती.

"बऱ्या आहेत की," शैलाताई म्हणाल्या. त्यांना मनापासून बरं वाटलं. खांबेट्यांच्या संग्रहातली कोणतीही गोष्ट त्यांना आवडल्याची ही पहिली वेळ.

"या उठत का नाहीत?" आठल्यांनी विचारलं.

"कशा उठतील? घरी आलेल्या सवाष्णीला बसा म्हटलं आणि हळदकुंकूच दिलं नाही. कुंकू लावल्याशिवाय ती उठून जाईल का? ह्यांनीच लावू दिलं नव्हतं."

खांबेट्यांनी नाण्यावर हात आडवा धरला. "कुंकू लागलं तर डाग पडेल! प्रत उतरेल!"

"मग बसू द्या," शैलाताई म्हणाल्या.

"बसल्या तर प्रतच मिळणार नाही!"

आठल्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या. त्यांच्याकडे यापेक्षा किचकट नाणी येत असत. "घासलेलं नाणं आम्ही घेत नाही," ते म्हणाले, "पण वरवरचा रंग ॲसिटोनने निघत असेल, तर आमची हरकत नसते. कुंकू वरवरचंच असतं. ताई, लावा. घासू मात्र नका."

शैलाताईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि टाचणीच्या टोकाने बाईच्या कपाळाला कुंकू टेकवलं. बाईने मान वाकवून ते लावून घेतलं. मग भाला बाजूला ठेवला, हात वर केला आणि तीच टाचणी मागितली. पद्धतच आहे; एकीने लावलं की दुसरीने लावायचं. शैलाताई खाली वाकल्या. बाईने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. ती उठली.

"उठल्या!" खांबेटे ओरडले. "आठल्येसाहेब, बंद करा डबी!"

पण बाई चपला घालत होती. कुंकू लावून झाल्यावर कोणी थांबत नाही. शैलाताईंनीही पर्स खांद्याला लावली.

"तू कुठे निघालीस?" खांबेट्यांनी विचारलं.

"मलाही कुंकू लावलं ना त्यांनी. आता त्यांच्या गावाला जाऊन येते," शैलाताई म्हणाल्या. "मोजे आहेतच."

दोघी दाराकडे गेल्या. दारापर्यंत पोचेस्तोवर दोघींची उंची सारखी झाली होती, की आधीपासूनच सारखी होती, हे आठल्यांनी नोंदवलं नाही. ते त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्यांनी भिंग लावून नाणं पुन्हा बघितलं. तारे होते, ढाल होती, भाला होता. मध्ये चकचकीत मोकळी चांदी होती.

"अभिनंदन," ते म्हणाले. "झीज बाईवर होती. बाई गेल्या, झीज गेली. सत्तरपैकी सत्तर."

खांबेट्यांना खुर्चीतच घाम फुटला. सत्तर! किणीकरांचे अडुसष्ट त्यांच्या डोळ्यांपुढे केविलवाणे झाले.

"फक्त एक विचारतो," आठल्ये म्हणाले. "डबी एकदा बंद केली की कायमची बंद. त्या परत येणार असतील तर थांबतो मी. आल्या की आत येऊन उभ्या राहतील, मग तुमच्या नाण्याला पंचावन्नाच्या आसपास काहीतरी देता येईल. थांबू?"

खांबेट्यांनी दाराकडे बघितलं. जिन्यावरून दोघींच्या बोलण्याचा आवाज अजून येत होता. एकदा शैलाताई खळखळून हसल्या. असं हसलेलं त्यांनी शेवटचं कधी ऐकलं होतं, ते त्यांना आठवेना. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"पंचावन्न म्हणजे फारच कमी हो," ते म्हणाले. "करा बंद."

आठल्यांनी डबी बंद केली आणि पट्टीवर लिहिलं: दोन फ्रँक, १८७४, बाई बाहेर गेल्या आहेत, ७०.

घरी आल्यावर खांबेटे सवयीने जेवणाच्या टेबलाशी बसले. बराच वेळ बसले. मग उठून ओट्याशी गेले. पोळी करताना मधे बसता येत नाही, हे त्यांना त्या आठवड्यात कळलं. हा ओटा असा बांधलाच कोणी, म्हणून त्यांनी गवंड्याला शिव्या दिल्या.

डिसेंबरच्या प्रदर्शनात खांबेट्यांना पहिलं बक्षीस मिळालं. किणीकरांनी रिकामं नाणं उलटसुलट बघितलं, एकही आकडा न उच्चारता नमस्कार केला आणि निघून गेले. खांबेट्यांनी या क्षणाची इतकी वाट बघितली होती, आणि तो दाताखाली न सापडताच गिळला गेला. प्रदर्शनाचा नियम असा की विजेत्याने दिवसभर आपल्या मांडणीशेजारी उभं राहायचं. दुपारपर्यंत त्यांच्या पोटऱ्या भरून आल्या. त्यांनी ढालीसारखा मानाचा फलक हातात धरला होता, तो टेकवायलाही जागा नव्हती.

चारच्या सुमाराला दोन बाया आल्या. एक शैलाताई होत्या, पायात लोकरीचे मोजे, गाल थंडीने लाल. दुसरीच्या अंगात जाड, लांब झगा होता आणि कपाळावर बारीक कुंकू. समोर पाहुण्यांसाठी तीन खुर्च्या मांडल्या होत्या. दोघी बसल्या, चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला. दुसरीने बंद डबीकडे एकदा पाहिलं, ओळखीचं काही दिसल्यासारखी मान हलवली आणि चॉकलेटचा कागद सोडू लागली.

तिसरी खुर्ची रिकामी होती. खांबेटे तिच्याकडे बघत होते.

शैलाताईंचं लक्ष गेलं. त्यांनी नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं.

"अहो, असे उभे का?" त्यांनी विचारलं.

खांबेटे पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. शैलाताई चहा पीत होत्या.