बशीखालून फोटोखाली

बशीखाली बक्षिसाचं काही उरत नाही, हे कळलं तो बाजाराचा दिवस होता. रांधणाऱ्या-वाढणाऱ्या बुधाजीनं हॉटेलातल्या सगळ्या बशा उचलून पाहिल्या आणि गल्ल्यापाशी येऊन उभा राहिला.

"मालक, आज बी कोरडंच! काल बी, परवा बी!"

पनवेलच्या मोटारस्टँडासमोरचं तुळशीरामचं हॉटेल बुधाजीच्या जिवावर चाललं होतं. तुळशीरामची बायको सत्यवती गेल्या वर्षी वारली. तिच्या हातची वालाची उसळ खाण्यासाठी लोक पुण्याची मोटार सोडून देत. ती उसळ तिनं जाण्याआधी फक्त बुधाजीला शिकवली होती. तुळशीरामला तर अजून चहासुद्धा उतू न घालवता जमत नव्हता!

"असंच चाललं तर मी मिठागरावर जातो," बुधाजी म्हणाला. "घरात खाणारी पोरं हायत."

बुधाजी गेला की उसळ गेली, आणि उसळ गेली की सत्यवती दुसऱ्यांदा गेली!

दोष गिऱ्हाइकांचा नव्हता. इतकी वर्षं बशीखाली एक आणा ठेवायचा, एवढं सगळ्यांना पाठ होतं. सरकारनं आणा काढून नवे पैसे आणले आणि माणसं गोंधळली. सहा ठेवले तर चिक्कू दिसू, दहा ठेवले तर उधळे! मग काहीच न ठेवता, मोटार सुटत असल्यासारखी घाई करून सगळे निघत.

"मी बसलोय ना!" तुळशीरामनं छाती फुगवली. "आठवड्यात गिऱ्हाईक रांग लावून बक्षीस देईल, बघ!"

त्यानं बिस्किटांच्या डब्याला भोक पाडलं, त्यावर 'बुधाजीसाठी' असं लिहिलं आणि डबा दाराजवळच्या फळीवर, सत्यवतीच्या फोटोखाली ठेवला. फोटोला झेंडूचा नवा हार घातला. हार एवढा लांब, की डब्यावरची अक्षरं पार झाकली गेली. तुळशीरामच्या ते ध्यानातच आलं नाही.

पहिला फसला दाजी, पुण्याला माल नेणारा लॉरी ड्रायव्हर. फोटो, हार, उदबत्ती, खाली डबा! त्यानं चपला काढल्या, पाच पैशांचं नवं नाणं टाकलं आणि हात जोडले.

"आई, बोरघाटात सांभाळ!"

त्या खेपेला त्याची लॉरी घाटात एकदाही तापली नाही. झालं! घाट चढणारा प्रत्येक ड्रायव्हर आत येऊ लागला. मागोमाग उतारू. कुणी फोटोला कुंकू लावलं, कुणी नारळ ठेवला. एका म्हातारीनं तर नवस बोलला! सत्यवतीला हयातीत कुणी एवढा मान दिला नव्हता, खुद्द तुळशीरामनंसुद्धा.

डबा जड झाला तसा तुळशीराम खूश. "घे बुधाजी, सगळं तुझं!"

बुधाजी मागे सरला. "देवीचं पैसं? हात झडतील माझं!"

"अरे, देवी कसली? तुझी वहिनी ती!"

"व्हती. आता नवसाला पावते. मी सोमवारी मिठागरावर चाललो."

तुळशीरामनं दाजीला गाठलं. "अहो, ही माझी बायको हो!"

दाजीनं वाकून तुळशीरामच्याच पायाला हात लावला!

रविवारी शिरढोणहून सत्यवतीची धाकटी बहीण गोदू आली. बघते तर दारात चपलांचा ढीग आणि आत दाजी आडवा! "आई, घाटात सांभाळ!"

"घाटात? ही?" गोदूनं कमरेवर हात ठेवले. "अहो, माझ्या बहिणीला मोटार लागायची! दुसऱ्या वळणाला मान खिडकीबाहेर! एकदा तर ड्रायव्हरच्या टोपीतच ओकली होती!"

दाजी उठून बसला आणि त्यानं स्वतःची टोपी चाचपली. सगळं हॉटेल खदखदलं. सगळ्यात मोठ्यानं बुधाजी.

"खरं हाय! वयनी म्हनायच्या, पुनं ऱ्हाऊ दे, आपलं पनवेल बरं!"

तुळशीराम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. वर्षभरात पहिल्यांदाच.

गोदूनं हार बाजूला केला. "आणि भावजी, हे काय लिहिलंय?"

दाजीनं ते वाचलं आणि डबा उचलून बुधाजीच्या हातात ठेवला. बुधाजीनं घेतला. हात झडले नाहीत.

दाजीला पाचाची सवय लागली होती. देवीला टाकायचा तेच नाणं तो बशीखाली ठेवू लागला. त्याचं बघून बाकीचेही. तुळशीरामच्या हॉटेलात पाच नवे पैसे हाच रिवाज पडला. बुधाजी राहिला, उसळ राहिली.

फोटो आता आत, चुलीसमोर लावलाय. काचेवरचं कुंकू मात्र तुळशीरामनं अजून पुसलेलं नाही.